शब्द ओळखीचे, कायदा परका

प्रिय विद्यार्थिनी,

डीएसएसटीच्या (वर्गात न बसता अमेरिकन कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षांच्या) क्रिमिनल जस्टिस, म्हणजे फौजदारी न्यायव्यवस्था, या पेपरला सहा आठवडे उरलेत. रोज दीड तास नेमाने दिलास तर तेवढे पुरतील. पण पुस्तक उघडण्याआधी कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसला ईमेल कर. या परीक्षेचे क्रेडिट तुझ्या डिग्रीत नेमके कुठे धरतात आणि किमान किती गुण लागतात, हे लेखी मागून घे. शिफारस 400 गुणांना 3 क्रेडिटची आहे, पण शेवटी कॉलेज म्हणेल ते खरं. परीक्षा पास झाल्यावर क्रेडिट नुसतं इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) जमा झालं आणि मुख्य विषय पुन्हा घ्यावा लागला, तर पैसे आणि कष्ट दोन्ही वाया जातात.

पेपरला 100 बहुपर्यायी प्रश्न आणि 2 तास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

मराठी वर्तमानपत्रं वाचत वाढलेल्या मुलांना अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त दगा देतात. आपल्याकडे ‘कैदी पॅरोलवर सुटला’ म्हणजे घरातलं आजारपण किंवा कार्य उरकून तो परत आत जाणार. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा काही भाग भोगल्यावर उरलेला काळ अटी पाळून बाहेर काढणं. प्रोबेशन त्याहून वेगळं: तुरुंगाऐवजी न्यायालयाने दिलेली देखरेख. ‘तुरुंग’ हा शब्द तर वहीतून काढूनच टाक. जेल स्थानिक असतं, तिथे खटल्याची वाट पाहणारे आणि साधारण वर्षाच्या आतली शिक्षा झालेले असतात. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, त्याहून लांब शिक्षेसाठी. मराठीत दोन्हींना एकच शब्द वापरलास की उत्तर चुकलंच म्हणून समज.

पुराव्याच्या प्रश्नांत हीच गफलत आणखी महागात पडते. समज, पोलीस वॉरंट नसताना, कसली तातडीही नसताना घरात शिरले आणि त्यांना अमली पदार्थ सापडले. खटल्यात तो पुरावा चालेल का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल निकालात म्हटलं, की झडती बेकायदा होती एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. तेच डोक्यात असेल तर तू ‘चालेल’वर खूण करशील. अमेरिकेत अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती आडवी येते. असा पुरावा वगळण्याचा नियम 1914 च्या वीक्स खटल्याने संघीय न्यायालयांत आणला आणि 1961 च्या मॅप खटल्याने राज्यांनाही लागू केला. ही दोन नावं जोडीनेच लक्षात ठेव.

कबुलीजबाबाचं नेमकं उलटं. आपल्याकडे पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, तिथे येते. मात्र 1966 च्या मिरांडा निकालानुसार ताब्यात घेऊन चौकशी करण्याआधी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगावा लागतो. ‘ताबा’ आणि ‘चौकशी’ या दोन्ही गोष्टी हव्यात. कुणी आपणहून ठाण्यात येऊन, न विचारताच बोलून गेला तर मिरांडाचा प्रश्नच उद्भवत नाही. परीक्षक फसवतो तो इथेच.

प्रत्येक खटल्याचं एक कार्ड कर: काय घडलं, कोणती घटनादुरुस्ती, काय ठरलं, अपवाद कोणता. गिडियन 1963 (गरीब आरोपीला वकील), टेरी 1968 (संशयिताला थांबवून अंगझडती), गार्नर 1985 (पळणाऱ्यावर गोळीबार) हवेतच. फरमन 1972 आणि ग्रेग 1976 यांचं मात्र एकच कार्ड: पहिल्याने तेव्हाच्या पद्धतीची फाशी थांबवली, दुसऱ्याने सुधारित कायद्यांना वाट दिली.

आकडेवारीत एफबीआयचं यूसीआर (युनिफॉर्म क्राइम रिपोर्टिंग) पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे मोजतं, तर एनसीव्हीएस हे गुन्हेपीडितांचं राष्ट्रीय सर्वेक्षण लोकांना घरोघरी विचारतं. त्यात खून नसतो, कारण मेलेल्या माणसाची मुलाखत घेता येत नाही. जुन्या यूसीआर पद्धतीत दरोडा आणि खून एकाच घटनेत घडले तर फक्त खून मोजला जाई. 2021 पासून एफबीआयने निब्रस ही घटनानिहाय नोंदीची पद्धत धरली, तीत दोन्ही नोंदले जातात. जुनं पुस्तक वापरत असशील तर हा भाग वेगळा वाच.

गुन्ह्यामागच्या कारणांचे सिद्धांत दोन दिवसांत उरकतील: नाव, एका ओळीत म्हणणं, पुढे चल. तुरुंगांच्या इतिहासात पेनसिल्व्हेनिया आणि ऑबर्न या दोन अमेरिकी पद्धतींची गल्लत होते. पेनसिल्व्हेनियात कैदी कोठडीतच काम करायचा आणि तिथेच झोपायचा. ऑबर्नमध्ये रात्री एकटा, दिवसा सगळ्यांसोबत, पण तोंडातून शब्द न काढता. एकत्र कामामुळे कारखाना चालवणं स्वस्त पडे, म्हणून ऑबर्नची पद्धत जास्त पसरली.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी घड्याळ लावून एका तासात 50 प्रश्न सोडव. चुकांचे तीन ढीग कर: माहीतच नव्हतं, ‘याखेरीज’सारखा शब्द नजरेतून सुटला, आणि भारतातला नियम लावला. तिसरा ढीग मोठा निघाला तर नवं काही वाचू नकोस, तीच कार्डं पुन्हा काढ. आणि नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिही. वडिलांचं नाव मध्ये येतं की नाही, तेवढं आजच बघून ठेव.