सोसायटीच्या दुरुस्तीवर देखरेख: टक्क्यावरची एजन्सी की पगारी इंजिनिअर?

२ कोटींच्या दुरुस्तीवर लक्ष ठेवायला पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, म्हणजे टक्क्यावर देखरेख करणारी एजन्सी) नेमावी की वर्षभर पगारी इंजिनिअर ठेवावा, स्वस्त काय, असं तुम्ही विचारलंय. कागदावर उन्नीस-बीस. २ टक्के फी धरा, ४ लाख. वर १८ टक्के जीएसटी, झाले ४ लाख ७२ हजार. महिना ३५ हजारांचा मुलगा ठेवलात तर ४ लाख २० हजार. पण टक्केवारीत ठेकेदाराचं बिल फुगलं की तपासणाऱ्याची फीही फुगते. मग तो बिल कापेल कशाला?

असलाच तक्ता मी नगरपरिषदेत जेई (ज्युनिअर इंजिनिअर) असताना साहेबांनी माझ्यापुढे टाकला होता. "तुझ्या पगार-पेन्शनीत दोन एजन्स्या पोसता येतील." मी गप्प बसलो, ते अजून सलतं. शाळेच्या स्लॅबवर एजन्सी आली. तिच्या पोराकडे चार साइट. बाइकवरून यायचा, फोटो काढायचा, सही ठोकून पुढे. (त्याचा दोष नाही, पगार १२ हजार.) ४० घनमीटर काँक्रीट, म्हणजे आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे किमान ४ नमुने, १२ क्यूब (ओतताना त्याच काँक्रीटचे भरायचे चाचणीचे ठोकळे). सहज म्हणून लॅबच्या टाकीतला एक क्यूब उचलून पाहिला, तर खिळ्याने कोरलेली तारीख १३. स्लॅब पडला होता १४ला! म्हणजे क्यूब त्या स्लॅबच्या काँक्रीटचा नव्हताच. साहेब म्हणाले, "पोराची लिहिताना चूक झाली असेल." २८ दिवसांनी ताकदीच्या चाचणीत बाराच्या बारा पास. दोन पावसाळ्यांनी छत गळायला लागलं, कोअर (स्लॅबमधून कापलेले गोल तुकडे) काढून तपासले, अर्धा स्लॅब तोडला. त्या खर्चाला साहेबांच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

तेव्हा माझं मत विचाराल तर पगारी माणूस, डोळे झाकून.

हां, काम लांबलं की त्याचा पगारही लांबतो. २०-३० लाखांच्या कामाला पूर्णवेळ माणूस परवडतही नाही. आणि ऑडिट, डिझाइन बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या, ते त्या मुलाचं काम नव्हे. पीएमसी नेमायचीच असेल तर फी एकरकमी ठरवा, टक्क्यावर नको. सळयांचा गंज घासला की नाही हे प्लास्टर चढायच्या आधीच दिसतं, तेव्हा रोज कोणीतरी झुल्यावर (भिंतीबाहेर टांगलेल्या पाळण्यावर) चढलं पाहिजे. पॉलिमरचे (दुरुस्तीच्या मसाल्यात मिसळायच्या रसायनाचे) रिकामे डबे मोजून तुमच्या कुलपात ठेवा, नाहीतर तेच डबे दुसऱ्या विंगला परत मोजायला येतात.