पाऱ्याच्या संयुगांची त्वचेला ॲलर्जी होते का?
होय, होते, मात्र ती लगेच न दिसता बहुधा एक-दोन दिवसांनी खाज, लाली आणि बारीक फोड या रूपांत उमटते, त्यामुळे खरे कारण सहज ध्यानात येत नाही. जखमेवर लावले जाणारे लाल मर्क्युरोक्रोम आणि काही लशींत व डोळ्यांच्या थेंबांत परिरक्षक म्हणून घातले जाणारे थायोमर्सल, ज्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पारा असतो, ही परिचित उदाहरणे होत. गोरेपणाच्या काही क्रीममधील पारा तर मूत्रपिंडांनाही घातक असतो, म्हणून लेबलवर ‘मर्क्युरी’ (पारा) किंवा ‘कॅलोमेल’ (पाऱ्याचेच एक संयुग) दिसल्यास ते क्रीम मुळीच वापरू नये. निदान पॅच टेस्टने, म्हणजे संशयित पदार्थाची पट्टी त्वचेवर चिकटवून प्रतिक्रिया पाहण्याच्या चाचणीने होते. थायोमर्सलची चाचणी सकारात्मक आली तरी बहुतेकांना स्नायूत दिलेली लस सोसते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती टाळू नये.