‘तटस्थ’ अधिकारी की ‘निःपक्षपाती’ अधिकारी?

प्रश्न असा आहे : बातम्यांत कधी ‘प्रशासनाने तटस्थ राहावे’ असं छापून येतं, कधी ‘निःपक्षपाती राहावे’. दोन्हींचा अर्थ एकच का?

बोलण्यात आपण ते एकाच अर्थाने वापरतो. सनदी अधिकाऱ्यांबद्दल लिहिताना मात्र मी वेगळे ठेवीन, आणि नियमांतही ते वेगळेच आहेत. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मध्ये २०१४ साली दुरुस्ती झाली. तिच्यात अधिकाऱ्याने काय पाळायचं याची यादी आहे. राजकीय तटस्थता त्यात एका उपकलमात आहे, निःपक्षपात दुसऱ्या.

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, पाण्यात न उतरलेला. पक्षांच्या झुंजीपुरता हा शब्द चपखल बसतो. अधिकाऱ्याने पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही. मत जरूर द्यावं, पण ते कोणाला दिलं याची सूचनासुद्धा करायची नाही. पण खुर्चीत बसल्यावर तो काठावर राहूच शकत नाही. परवाना द्यायचा की नाकारायचा, चौकशी लावायची की नाही, हे त्यालाच ठरवावं लागतं. तिथे कसोटी ‘पक्षपाता’ची, म्हणजे एका बाजूला कलण्याची. अर्जदार सत्ताधाऱ्यांचा कार्यकर्ता असो की विरोधकांचा, निकष तोच लागला पाहिजे.

मग सरकारशी नातं कोणत्या शब्दात सांगायचं? ‘तटस्थ’ इथे चालत नाही. निवडून आलेल्या सरकारचं धोरण पटो न पटो, कायद्यात बसत असेल तर राबवणं हे त्याचं कामच आहे. पण राबवण्याआधी धोक्याची बाजू नस्तीवर, म्हणजे फाइलवर, लिहिणं हेही कामच. १९४९ साली संविधान सभेत सरदार पटेलांनी अखिल भारतीय सेवांची बाजू मांडली, तेव्हा त्यांचा भर अधिकाऱ्याला मनातलं मोकळेपणाने बोलता येण्यावर होता. त्यासाठी आपल्याकडे ‘स्पष्टवक्ता’ हा साधा शब्द आहे. प्रशासनाच्या संदर्भात तो फारसा कोणी वापरत नाही, हे मात्र खटकतं.

दबाव बहुधा कागदावर येत नाही. ‘वरून निरोप आहे’, ‘साहेबांची इच्छा आहे’ एवढंच कानावर येतं. म्हणून वरिष्ठांचे आदेश शक्यतो लेखी असावेत आणि तोंडी आदेशाला मागाहून लेखी दुजोरा घ्यावा, असं वर उल्लेखलेल्या वर्तणूक नियमांतच आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आदेशांची नोंद करण्यावर जोर दिला. असा निरोप आल्यावर जो नुसता गप्प बसतो, त्याला आपण कौतुकाने तटस्थ म्हणतो. जुन्या मराठीत ‘तटस्थ होणे’ म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी उभं राहणं. त्या अर्थाने म्हणत असाल तर माझी हरकत नाही!

प्रश्नात नसलेला पण याच वस्तीतला आणखी एक शब्द म्हणजे ‘बांधील’. इंदिरा गांधींच्या काळात ‘बांधील नोकरशाही’चा, म्हणजे अधिकाऱ्यांनी सरकारच्या धोरणांशी मनानेही बांधलेलं असावं का याचा, वाद बराच गाजला. आता ‘बांधिलकी’ ऐकली की मराठी माणसाला ‘सामाजिक बांधिलकी’ आठवते आणि बरं वाटतं. ‘बांधील’ला मात्र दावणीचा वास येतो. त्यामुळे ‘राज्यघटनेशी बांधिलकी’ म्हणा, ‘सरकारला बांधील’ म्हणताना दोनदा विचार करा.

‘निःपक्षपाती’ की ‘निष्पक्ष’, असं लेखनाबद्दलही विचारलं आहे. संस्कृत संधिनियमाने ‘निष्पक्ष’ होतं, मराठीत ‘निःपक्षपाती’ रुळला आहे. दोन्ही चालतील, फक्त एका लेखात एकच रूप ठेवा. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम (:) टंकू नका.