इतिहासाचा तास सोडू नकोस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, मी हेल्थ इन्फर्मेशन शिकायला आलेय, मग सिव्हिल वॉर कशाला?’ अमेरिकन हिस्टरी ड्रॉप करून दुसरं काही सोपं घ्यायचं म्हणतेस, आणि मुदत शुक्रवारी संपते. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून रात्री लिहायला बसले.

आधी कोडिंगचं, म्हणजे रुग्णाच्या निदानाला ठरलेला कोड देण्याच्या आपल्या कामाचं. तुझ्या कॉलेजच्या कोर्सला सीएएचआयआयएमची, म्हणजे असे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे हे तू बघून घेतलंस, फार बरं केलंस. ती नसेल तर दोन वर्षं शिकूनही आरएचआयटीच्या, म्हणजे आपल्या कामाच्या प्रमाणपत्राच्या, परीक्षेला बसता येत नाही. पुढे चार वर्षांच्या पदवीला जायचं असेल, तर तुझे कोणते क्रेडिट तिथे धरले जातील ते सल्लागाराकडून लेखी घे. तोंडी ‘हो’वर जाऊ नकोस.

आणि डावं-उजवं सांभाळ. १ ऑक्टोबर २०१५ला इथे आयसीडी-१० ही आजारांच्या कोडची नवी यादी लागू झाली. आधी निदानांचे साधारण १४ हजार कोड होते, ते जवळजवळ ७० हजार झाले. जुन्या पद्धतीत मनगट मोडलं की मोडलं, कोणतं ते कोडमध्ये दिसायचं नाही. आता एस५२.५०१ए म्हणजे उजवं, एस५२.५०२ए म्हणजे डावं. त्या पहिल्या महिन्यात एका आजींच्या उजव्या मनगटाला मी २ घातला. एक्स-रे उजव्याचा, कोड डाव्याचा, विम्याकडे पाठवलेला क्लेम परत आला आणि सगळं बिल आजींच्या घरी गेलं. प्लास्टरमधला हात घेऊन त्या आमच्या काउंटरवर आल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक चार्टला ‘ए’च्या आधीच्या आकड्यावर मी बोट ठेवते. आजही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमच्याकडे एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ आले. मूळचे अलाबामाचे. त्यांची फाइल दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायची होती, फक्त एक सही हवी होती. त्यांनी पेन उचललं, फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं. ‘हे कोण कोण वाचणार?’ मी म्हटलं, ‘नेहमीचाच फॉर्म आहे, सगळेच सही करतात.’ ते उठायलाच लागले. माझी सहकारी, जॉर्जियात वाढलेली, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. कोणती माहिती, कोणाकडे, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, असं एकेक ओळ वाचून दाखवलं. मन बदललं तर लेखी कळवून परवानगी मागे घेता येते, हेही सांगितलं. वीस मिनिटं लागली. मग त्यांनी सही केली.

ते गेल्यावर तिने मला टस्किगीबद्दल सांगितलं. मी ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. १९३२मध्ये अलाबामाच्या मेकन काउंटीत सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, नुसतं ‘रक्त खराब आहे’ म्हणाले. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं, तेही त्यांना दिलं नाही. रोग वाढताना बघत राहायचं, एवढाच अभ्यास. १९७२मध्ये बातमी फुटली तेव्हा कुठे तो थांबला. चाळीस वर्षं!

मला सगळ्यात काय लागलं सांगू? नोंदी ठेवलेल्या होत्या. तपासण्या, तारखा, मेल्यावरचं शवविच्छेदनसुद्धा, सगळं कागदावर. आपण ज्याला चांगलं रेकॉर्ड म्हणतो तसं. फक्त ज्याचं रेकॉर्ड, त्यालाच त्यातलं काही माहीत नव्हतं. आज संशोधनात भाग घेणाऱ्याची संमती घ्यावी लागते, त्यामागे १९७४चा कायदा आहे, आणि तो कायदा या माणसांमुळे झाला. मी त्या गृहस्थांना ‘नेहमीचाच फॉर्म’ म्हटलं होतं. पुढच्याच सेमिस्टरला मी संध्याकाळचा हिस्टरीचा कोर्स घेतला, चाळिशीत, डबा घेऊन.

तू रोज मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, क्लेम बघशील. दक्षिणेत कितीतरी रुग्णालयांत गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते, आणि १९४६च्या हिल-बर्टन कायद्याने ‘वेगळे पण समान’ म्हणत अशा रुग्णालयांना बांधायला सरकारी पैसाही दिला. सरकारी पैसा घेणाऱ्याला वंशावरून भेदभाव करू न देणारा १९६४चा नागरी हक्क कायदा आला, १९६५मध्ये मेडिकेअरवर सही झाली, आणि १९६६मध्ये ती सुरू होताना सरकारने सांगितलं, पैसे हवेत तर वॉर्ड एकत्र करा. वर्षानुवर्षं न हललेली रुग्णालयं काही महिन्यांत हलली. बिलाच्या कागदाने हे घडवलं, आणि तो कागद हाच आपला धंदा.

त्याच १९६५च्या ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशनचा नवा कायदा झाला. त्याआधी भारतासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. तुझे बाबा, मी, आपल्या मंडळात गणपतीला जमणारी झाडून सगळी माणसं त्या दारातून आत आलो. गुलामगिरीवरून पेटलेलं सिव्हिल वॉर, त्यानंतर सगळ्यांना कायद्यापुढे समान मानणारी चौदावी घटनादुरुस्ती, नागरी हक्कांची चळवळ, ही साखळी इथपर्यंत येते. ‘त्यांचा इतिहास’ म्हणून तो बाजूला ठेवू नकोस, राणी.

सनावळ्या पाठ करत बसू नकोस, त्यानेच तुला कंटाळा आलाय. टर्म पेपरला १९६६चं हे वॉर्डांचं प्रकरण घे. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जाऊन सांग, मी हेल्थ इन्फर्मेशनची विद्यार्थिनी आहे, मला रुग्णालयांवर लिहायचंय. नाही म्हणणार नाहीत, उलट कोणते जुने अहवाल वाचायचे ते सांगतील. इंग्रजीची भीती वाटत असेल तर कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये मसुदा दाखव, त्याचे पैसे पडत नाहीत.

शनिवारी जेवायला ये. माझी त्या कोर्सची वही अजून आहे, शोधून ठेवते. आणि शुक्रवारच्या आत काय ठरवलंस ते कळव.

तुझी,
मावशी