आयर्लंडमध्ये समुद्राकाठची छोटी टेकडी, साठीच्या आई-बाबांना झेपेल अशी कोणती?

नॉकनारे. स्लायगो काउंटीत.

तुम्ही लिहिलंय की आई-बाबांना रोज चालायची सवय आहे, पण क्लिफ्स ऑफ मोहर या प्रसिद्ध समुद्रकड्यांवरची गर्दी नको. माझ्याही आई-बाबांना मी इथेच नेलं होतं. डब्लिनहून स्लायगोला रेल्वेने साधारण तीन तास, तिथून बसने स्ट्रँडहिल गाव.

उंची फक्त 327 मीटर. ऐकून बाबा हसले होते, "अगं, सिंहगड चढणारी माणसं आम्ही!" पण स्ट्रँडहिलकडून चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होतो, आणि मध्ये झाडीतून खड्या पायऱ्या आहेत. तिथे हसणं बंद झालं. गुडघे कुरकुरत असतील तर दक्षिणेकडच्या पार्किंगपासून चढा, ती वाट सोपी आहे. थांबत थांबत आम्हाला तासभर लागला.

खरा त्रास चढाचा नाही, वाऱ्याचा. वर एक झाड नाही, अटलांटिकवरून वारा थेट अंगावर येतो. छत्री नेऊ नका. आमची छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटून गेली, मग आईने ती काठी म्हणून वापरली. टोपीचं जॅकेट आणि पकड असलेले बूट हवेत. मे-जूनमध्येसुद्धा.

माथ्यावर दगडांचा प्रचंड ढीग आहे, सुमारे 10 मीटर उंच. पाचेक हजार वर्षांपूर्वीचा. आत थडगं असावं, पण तो आजवर कुणी खणलेला नाही. लोककथा सांगते की आत राणी मेव्ह चिलखत घालून, उत्तरेच्या शत्रूकडे तोंड करून उभी पुरलेली आहे. लोक त्यावर चढतात, दगड घसरतात, म्हणून चढू नका अशी विनंती केली जाते. मी आईला ती पाटी वाचून दाखवली तर म्हणाली, "समाधीवर पाय द्यायचा नाही, हे लिहावं लागतं?" आणि लांबूनच हात जोडले.

ढग हटले तर उत्तरेला बेनबुल्बेन डोंगराचा सपाट माथा दिसतो, खाली दोन्हीकडे खाडी. नाही हटले तर स्वतःचे बूट दिसतात. आम्हाला दहा मिनिटं मिळाली.

उतरून स्ट्रँडहिलच्या किनाऱ्यावर बसा, पण पाण्यात जाऊ नका. प्रवाह धोकादायक असल्याने पोहायला मनाई आहे. बाबांनी थंडीत कुडकुडत तिथे आइस्क्रीम खाल्लं.