शनिवारचं तेल

पिल्ला,

काल ॲमस्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयात मी तुला कोकणातल्या शनवार तेली ज्यूंबद्दल सांगत होते, तेव्हा तू मोठ्यानं विचारलंस, "म्हणजे आजी शनिवारी तेल आणू देत नाही, ते ज्यूंकडून आलं?" मी घाईत "हो गं, तसंच काहीतरी" म्हणून मोकळी झाले. ते चुकलं.

आजीचं कारण वेगळं. शनिवार शनीचा, तेल त्याला आणि मारुतीला वाहायचं. त्या दिवशी ते विकत आणलं तर साडेसाती दारात येईल ही तिची धास्ती. (भजी तळलेली चालतात. तेल शुक्रवारीच आणलेलं असतं ना!)

शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. घाण्यावर तेल काढायचे आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद, त्यावरून गावानं नाव पाडलं. ते शनिवारी तेल काढत नसत, आजी शनिवारी आणत नाही. जुळतं झकास, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

खरं आपल्या मातीतलं हवं असेल तर त्यांचा मलिदा बघ. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सोबत फळं आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, नाव. आडनावं पेणकर, दिवेकर. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, हग्गादा, त्यांनी 1874 साली पुण्यात मराठीसह छापला. त्यातल्या एका चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसून जमिनीवर बसल्यात. अगदी आपल्या पणजीच्या स्वयंपाकघरातल्यासारख्या!

आपण पाहिलं ते संग्रहालय म्हणजे चार जुनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं, एकत्र जोडलेली. तिथं प्रार्थना करणारे कुठे गेले, हे तू विचारलं नाहीस, पण बराच वेळ गप्प होतीस. नाझींनी या देशातल्या एक लाखाहून जास्त ज्यूंना मारलं. समोरचं 1675 चं पोर्तुगीज सिनेगॉग मात्र अजून चालू आहे. त्याच्या लाकडी जमिनीवर वाळू पसरतात, धूळ धरायला आणि बुटांचा आवाज दाबायला. त्यातली मूठभर तुझ्या बुटांतून आपल्या पायपुसण्यावर आली आहे. झाडू तू मार.

आणि हो, तेल संपत आलंय. शुक्रवारीच आणू. शनिवारी आजीचा व्हिडिओ कॉल असतो, आणि तिला पिशवीत डोकवायची सवय आहे.

तुझी,
आई