इंजिन ठणठणीत असूनही उंचावरच्या धावपट्टीवरून उडताना छोटं विमान का कोसळतं?

तुमचा प्रश्न असा, की इंजिनात बिघाड नव्हता, विमान जमिनीवरून उठलंही होतं, मग ते लगेच खाली का आलं? मी चार आसनी, एका इंजिनाची विमानं उडवतो. फसगत होते ती त्या ‘उठण्यात’च.

समजा, धावपट्टी ७,००० फुटांवर आहे आणि दुपारचं तापमान ३० अंश. त्या उंचीवर प्रमाण तापमान १ अंश धरतात. त्याहून जास्त असलेल्या दर अंशामागे साधारण १२० फूट वाढवायचे. उंचीसारखीच उष्णतेनेही हवा विरळ होते, म्हणजे विमानाच्या लेखी ती धावपट्टी जवळपास १०,५०० फुटांवर आहे! याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे तीनेक टक्के घटते, त्यामुळे १६० अश्वशक्तीचं इंजिन तिथे जेमतेम ११० देतं. पंख आणि प्रोपेलर यांनाही तीच विरळ हवा मिळते, आणि धाव दुपटीहून लांबते.

तरीही विमान उठतं, कारण जमिनीलगत पंखांवरचा हवेचा अवरोध कमी असतो. थोडं वर गेलं की तो आधार सुटतो आणि चढण थांबते. समोर झाडं दिसतात, हात आपोआप नाक वर ओढतो, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा भोंगा वाजतो आणि एक पंख खाली जातो. अशा अवशेषांत प्रोपेलरची पाती अनेकदा पिळवटलेली सापडतात. इंजिन शेवटपर्यंत फिरत होतं याचीच ती खूण.

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या शायेन इथे, ६,००० फुटांहून उंच विमानतळावरून, एक छोटं सेस्ना विमान भर वादळी पावसात निघालं आणि कोसळलं. सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक, तिघंही गेले. चौकशीत वादळाइतकंच जादा वजनावर आणि प्रशिक्षकाला सवय नसलेल्या डेन्सिटी अल्टिट्यूडवर बोट ठेवलं गेलं. ते समुद्रकाठच्या विमानतळावरून आले होते. मला ही गोष्ट फार लागते, कारण माझीही सवय सखल धावपट्ट्यांचीच होती.

शिकत असताना उंचावरच्या एका धावपट्टीवर, अशाच एका दुपारी, मी मिक्स्चरची (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारी) लाल मूठ सवयीने पूर्ण आत, म्हणजे जास्तीत जास्त पेट्रोलवर ठेवली. विरळ हवेत पेट्रोल जास्त झालं, इंजिन जड आवाजात घरघरत राहिलं. नियम असा, की अर्ध्या धावपट्टीपर्यंत उठण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग यायलाच हवा. ५५ नॉट (विमानाचा वेग मोजण्याचं एकक) वेगाला उठायचं, म्हणजे साडेअडतीस तरी हवेत. अर्ध्यावरची खूण मागे गेली तरी वेगाचा काटा जेमतेम थरथरत होता. मी मात्र, येईल वेग, येईल वेग, म्हणत बसलो. शेजारी बसलेल्या प्रशिक्षक मॅडम एवढंच म्हणाल्या, “थ्रॉटल मागे घे.” म्हणजे इंजिनाची ताकद कमी कर, उड्डाण सोडून दे. विमान धावपट्टीच्या शेवटी थांबलं, तेव्हा कुंपण स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागचं सामान उतरवून, मिक्स्चर नीट लावून आम्ही निघालो. त्या वेळी अर्ध्या खुणेच्या आधीच काटा ४० च्या पुढे गेला होता.